दोन पट्ट्यांचा रेडिओ

जळगाव, श्रावण वद्य पंचमी
ता. १२ ऑगस्ट १९४१

तीर्थरूप गं. भा. सुंदराअक्का यांस,
प्रमिलाचा साष्टांग नमस्कार.

तुमचा लीलाधर काल सकाळच्या गाडीने गेला. तुमच्याकडून निघाल्यावर दोन दिवस आमच्याकडे होता. तुम्ही बांधून दिलेले लाडू त्याने वाटेत संपवले नव्हते, अर्धे माझ्या मुलींना दिले. मी रागावले तर म्हणतो, "मामी, पलटणीत एकट्याने लाडू खाता येत नाही. वाटावेच लागतात. मग इथेच वाटलेले काय वाईट?" तब्येत चांगली आहे. पोस्टातून आल्यासारखा चेहरा कोरा ठेवून बोलायची सवय तशीच आहे.

लिहायचे कारण वेगळेच आहे. परवा मला घेऊन तो जीवरामशेठच्या दुकानात गेला. आमच्याकडे रेडिओ घ्यायचे बोलणे वर्षभर चालू आहे, ते ह्यांनी त्याला सांगितले. धुळ्याला सायकलच्या दुकानात असताना तो रेडिओ उघडून बसायचा ते तुम्हाला ठाऊकच आहे. आता तर सरकारने त्याला तेच काम शिकवले. दुकानात गेला आणि शेठला उठवून स्वतःच गल्ल्याजवळ बसला. एकेका खोक्याला मागून कान लावतो, बोटाने टिचकी मारतो, जसे काही टरबूज घ्यायला आलो आहोत. शेठ म्हणाले, "भाऊ, विकत घेणार का वैद्यकी करणार?"

मला लहान आवडला होता. एकशे तीस रुपयांत, वर जाळीदार कापड, देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर नेमका बसेल असा. लीलाधर म्हणाला, "तो नको. त्याला एकच पट्टा आहे, फार तर मुंबई बोलेल. हा दोन पट्ट्यांचा घ्या. ह्यात लांबचेही येते. मी जिथे असेन तिथलेही." दोन पट्ट्यांचा एकशे नव्वद. शिवाय पोस्टात दरसाल दहा रुपये भरून परवाना काढायचा. ऐकायलासुद्धा सरकारला पैसे.

मी त्याला म्हटले, दसऱ्याला घेते. त्याने माझा हात हातात घेऊन वचन घेतले, दुकानात, चार माणसांत. मला हसू आले.

मुलींचा नमस्कार. तब्येत सांभाळावी, रात्री भात खाऊ नये.

आपली,
प्रमिला


कापडणे, ता. धुळे
१० ऑक्टोबर १९४१

चि. सौ. प्रमिलास सुंदराचा आशीर्वाद.

माझे अक्षर लावून घे. लीलाने शिकवले तेवढेच येते, त्याच्याहून जास्त नाही.

त्याचे पत्र आले. बोटीत बसला आहे. कुठे चालला ते लिहिले होते, पण त्याच्यावर सरकारने काळे फासले. खाली एक ओळ सोडली आहे ती अशी, की मामीने दसऱ्याला रेडिओ घेतला असेल, तू एकदा जाऊन ऐक. मी गावात सांगितले तर शेजारची तानुबाई विचारते, "काय शे त्या खोक्यामा? माणूस बठे का?" मी म्हटले, मी जाऊन बघून येते मग सांगते.

तर घेतला का? तू काही लिहिले नाहीस. नणंद असून मी तुला आजवर टोमणा मारला नाही, एक राखून ठेवला आहे. नसेल घेतला तर तो येऊन मारीन.

माझ्या भावाला, रुपाला म्हणावे शेंगा बऱ्या आल्या.

सुंदरा


जळगाव
२ नोव्हेंबर १९४१

तीर्थरूप अक्कांस प्रमिलाचा साष्टांग नमस्कार.

टोमणा येऊन मारावा, त्या निमित्ताने तरी याल. रेडिओ घेतला नाही.

दसऱ्याला घरी पाहुणे होते. नंतर ह्यांची बढती पुढे ढकलली गेली. कोर्टातल्या मोठ्या कारकुनाने सांगितले, लढाई संपली की विलायती माल स्वस्त होईल, घाई करू नका. मलाही ते पटले. नसला तर अडते असे काही नाही ना, अक्का. गजर लावल्याशिवाय मी पहाटे उठते, आणि भजन म्हणायला मला खोक्याची गरज नाही.

लीलाधरला मी मात्र कळवले नाही. तो तिकडे लांब, उगाच त्याचा विरस. पत्रात इतकेच लिहिले की "रेडिओचे ठरल्याप्रमाणे." यात खोटे काही नाही.

आपली,
प्रमिला


कापडणे
११ सप्टेंबर १९४२

चि. सौ. प्रमिलास आशीर्वाद.

सिंगापूर पडल्याला सात महिने झाले. लीलाचे पत्र नाही. सरकारी कागद आला होता तो रुपाने वाचलाच आहे, ठावठिकाणा नाही म्हणतात. जिवंत म्हणत नाहीत आणि दुसरेही म्हणत नाहीत. मी कुंकवाशिवाय जगायला शिकले, पण हे असे मधेच लटकून राहायला कोणी शिकवले नाही.

आता ऐक. आपल्या शाळेचे चुडामण गुरुजी काल घरी आले. त्यांना पक्की खबर आहे की जे धरले गेले त्यांची नावे तिकडून रेडिओवर वाचतात. संध्याकाळी, दिवेलागणीनंतर. कोणाकोणाला तर दोन शब्द बोलूही देतात. पारोळ्याच्या एका बाईला असाच मुलाचा आवाज ऐकू आला. गुरुजी म्हणाले, त्याला दोन पट्ट्यांचाच पाहिजे, साध्यात लागत नाही. मला एकदम आठवले, लीलाने तुला हेच सांगितले होते.

गावात वीज नाही, धुळ्यात कोणाच्या घरी रोज जाऊन बसू? तू घे. शेंगांचे आले त्यातले साठ रुपये गुरुजींबरोबर पाठवते, बाकी रुपाने घालावे. घेतलास की एक कार्ड टाक. गाड्यांचे अजून खरे नाही, रूळ उखडतात म्हणतात. पण बैलगाडीने यावे लागले तरी येईन आणि रोज संध्याकाळी त्या खोक्यापुढे बसेन.

त्याने माझे नाव घेतले आणि ऐकायला मी नसले तर काय? मला दुसरी भीती नाही, एवढीच आहे.

सुंदरा


जळगाव
२१ सप्टेंबर १९४२

तीर्थरूप अक्कांस प्रमिलाचा साष्टांग नमस्कार.

साठ रुपये पोचले. गुरुजी चहा न घेता गेले.

मी दुसऱ्याच दिवशी जीवरामशेठकडे गेले. लीलाधरने पाहिलेला तो केव्हाच विकला गेला. विलायतेहून नवा माल येत नाही. पण एका साहेबाची बदली झाली, त्याचा वापरलेला दोन पट्ट्यांचा एक दुकानात आहे. बघितला, वाजतो चांगला.

पण अक्का, पितृपक्ष चार दिवसांवर आला. त्या आत शेठकडून व्यवहार पुरा होईलसे दिसत नाही. आणि पितृपक्षात नवी वस्तू घरात आणायची नाही हे तुम्हीच मला शिकवले. दुसरे काही असते तर मी डोळेझाक केली असती. पण लीलाधरसाठी घ्यायची वस्तू, आणि ती गेलेल्यांच्या पंधरवड्यात? माझी छाती होत नाही. त्याला आपण त्यांच्यात मोजल्यासारखे होईल. घटस्थापनेच्या दिवशी सकाळी घरात आणते. वीसच दिवसांचा प्रश्न आहे.

तुम्ही काळजी करू नये. रोज त्याच्या नावाने रामरक्षा म्हणते.

आपली,
प्रमिला


जळगाव, आश्विन शुद्ध
ता. १४ ऑक्टोबर १९४२

तीर्थरूप अक्कांस प्रमिलाचा साष्टांग नमस्कार.

आधी आनंदाची गोष्ट. लीलाधर जिवंत आहे.

काल बोदवडहून एक कार्ड आले. लिहिणारे कौतिक नथू म्हणून कोणी आहेत, कापसाच्या जिनात मुकादम. मालकाच्या घरी रेडिओ ऐकतात. कुठले स्टेशन ते त्यांनी लिहिले नाही आणि आपणही कोणाला विचारू नये. तिकडून ज्यांची नावे येतात त्यांच्या घरी हे गृहस्थ आपल्या पैशाने कार्ड टाकतात. त्यांच्या कानावर लीलाधरचा स्वतःचा आवाज आला. पत्ता त्याने आमचा सांगितला, रुपचंद वना, कोर्टातले कारकून, जळगाव. निरोप असा:

"मी सुखरूप आहे. जेवण वेळेवर मिळते. मायला सांगा, काळजी करू नको, देवावर भरवसा ठेव."

मी कार्ड देव्हाऱ्यात ठेवले आहे. देवापुढे साखर ठेवली.

रेडिओ घटस्थापनेला आणला. हळदकुंकू वाहून नारळ फोडला, मुलींनी हात जोडले, आणि पहिला आवाज निघाला तो कापसाच्या भावाचा. हे म्हणाले, खान्देशात आला आणि लगेच कामाला लागला. दोन पट्ट्यांचाच आहे. तुम्ही निघून या. पुन्हा बोलेल.

आपली,
प्रमिला


कापडणे
१ डिसेंबर १९४२

चि. सौ. प्रमिलास आशीर्वाद.

नीट पोचले. दिवाळीचे एकवीस दिवस तुमच्याकडे खाल्ले, रोज संध्याकाळी तुझा स्वयंपाक अडवून बसले, तू एक शब्द बोलली नाहीस. उलट खरखर वाढली की पदराला हात पुसत यायचीस आणि गुंडी फिरवायचीस. माझ्या सख्ख्या बहिणीने केले नसते.

तो पुन्हा बोलला नाही. नसेल पाळी आली. तिकडे काय एकटा माझाच आहे? किती नावे ऐकली, सगळी कोणाकोणाची. मला आता बोदवडच्या त्या बाबासारखे वाटते, प्रत्येकाच्या घरी कार्ड टाकावे.

तो निरोप मला पाठ आहे. जात्यावर बसले की म्हणते. तानुबाई म्हणाली, "तुना पोऱ्या यी जाई, रडू नको." मी म्हटले, मी कुठे रडते, मला तर त्याने स्वतः सांगितले, काळजी करू नको म्हणून.

जेवण वेळेवर मिळते हे वाक्य मला फार आवडते.

सुंदरा


जळगाव
१९ फेब्रुवारी १९४६

तीर्थरूप अक्कांस प्रमिलाचा साष्टांग नमस्कार.

लीलाधरचे तेरावे आटोपून काल आम्ही पोचलो. कापडण्याला बारा दिवस तुमच्याजवळ होते. बोलायचे होते ते एकदाही बोलले नाही, म्हणून लिहिते. लिहिताना समोर तुमचा चेहरा नसतो.

सरकारी कागदात तारीख आहे, मार्च १९४३. म्हणजे आपण दोघी रेडिओपुढे बसलो त्या दिवाळीत तो होता, आणि पुढच्या होळीला नव्हता. हगवणीने गेला असे लिहिले आहे. त्यानंतरची तीन वर्षे तुम्ही जात्यावर निरोप म्हणत होतात.

दहाव्याला भटजींनी दर्भाचा पुतळा केला तेव्हा तुम्ही आलेल्या बायकांना सांगत होतात, "माझ्या लीलाने मला सांगून ठेवले होते, देवावर भरवसा ठेव." सहा बायकांना सांगितलेत. मी प्रत्येक वेळी मोजले. सातवी आली तेव्हा मी उठून विहिरीवर गेले.

अक्का, ते वाक्य त्याचे नाही. माझे आहे. जेवण वेळेवर मिळते, तेही माझेच.

कार्डावर निरोप अर्धाच होता. तो अर्धा तुम्हाला पाठवायची मला लाज वाटली, म्हणून मी मनाचा लिहिला. वाटले होते, तो येईल, हसेल, आणि विषय मिटेल.

एवढेच असते तर कदाचित मी लिहिलेही नसते. बाकीचे ऐका.

तुमचे रुपये आले तेव्हा पितृपक्षाला आठ दिवस होते. शेठ एकशे पंच्याहत्तर म्हणत होता. गावात गडबडी चालू होत्या, दुकाने लुटली जातील म्हणून तो धास्तावलेला होता. मला वाटले, थोडे ताणले तर एकशे साठला देईल. दोनदा दुकानातून उठून आले, तो हाक मारील म्हणून. त्याने मारली नाही. मग पितृपक्ष आला आणि मला बरेच वाटले, की आता शेठला पंधरा दिवस वाट पाहू दे, गिऱ्हाईक थोडेच येणार आहे. तुम्हाला लिहिताना मी फक्त पितृपक्ष लिहिला. ते कारण खोटे नव्हते. मला खरेच भीती वाटत होती. पण भीती किती आणि पंधरा रुपये किती, हे मी इतकी वर्षे रोज विचारते आणि मला सांगता येत नाही.

लीलाधर पितृपक्षातच बोलला. दोन ऑक्टोबरला. कार्ड मला पाच तारखेला मिळाले. चौदाला लिहिताना "काल" लिहिले, ते नऊ दिवस आधीचे होते.

आणि रेडिओ घटस्थापनेला नाही आणला. कार्ड वाचले त्याच दुपारी डोक्यावर पदर घेऊन धावत दुकानात गेले, शेठने सांगितले तेवढे दिले, आणि हमालाच्या पुढे पुढे चालत घरी आले. भर पितृपक्षात, एकादशीला. हळद नाही, नारळ नाही. म्हणजे नेम मोडता येत होता. तीन दिवस आधी मोडता आला असता. पाच संध्याकाळ मी एकटी खोक्याला कान लावून बसले, तो पुन्हा बोलला तर तुम्हाला काही सांगावेच लागणार नाही या आशेने. मग घटस्थापनेला नारळ फोडला, तुम्हाला लिहिता यावे म्हणून.

देवाचे नाव मी त्याच्या तोंडी घातले. त्याची शिक्षा देव देईल. तुमची तुम्ही द्या.

प्रमिला


कापडणे
४ मार्च १९४६

प्रमिलास,

पत्र मिळाले. तीनदा वाचले.

देवावर भरवसा ठेव वाचून मला तेव्हाच जरा चमकल्यासारखे झाले होते. लीला देवळात आला की बाहेर चपला सांभाळत बसायचा. पण म्हटले, लढाईत माणसे बदलतात. ज्याला वाटून घ्यायचे आहे त्याला काहीही वाटते.

तू विचारतेस शिक्षा काय. मी काय कोर्ट आहे? ते रुपाला विचार. माफ केले असे लिहीत नाही, कारण केले की नाही ते मला ठाऊक नाही. पहिले दोन दिवस तुझे नाव काढावेसे वाटत नव्हते. तिसऱ्या दिवशी जात्यावर बसले तर तोंडातून तेच निघाले. जेवण वेळेवर मिळते. आता ते कोणाचे म्हणून म्हणू? तीन वर्षे तेच घोळवून जगले. तेही गेले असते तर त्या तीन वर्षांत माझ्याजवळ काय होते?

पण आता ते पुरत नाही. मला त्याचे पाहिजे. अर्धे तर अर्धे. कार्डावर जे असेल ते एका अक्षराची भर न घालता लिही. मूळ कार्ड टपालात टाकू नको, हरवेल. ते मी येऊन घेऊन जाईन. नक्कल पाठव. तुझे अक्षर मला लागते, दुसऱ्याचे लागत नाही.

त्यात तुला लाज वाटण्यासारखे काय होते तेही मला कळू दे.

सुंदरा


जळगाव
९ मार्च १९४६

तीर्थरूप अक्कांस साष्टांग नमस्कार.

कार्ड देव्हाऱ्यातून काढून समोर ठेवले आहे. भर काही घातलेली नाही, खाली माझे नावही घालत नाही.

"बोदवड, ता. ३ ऑक्टोबर १९४२. रा. रा. रुपचंद वना यांस कौतिक नथू याचा रामराम. आपली ओळख नाही. काल दिवेलागणीनंतर आमच्या मालकांच्या रेडिओवर आपल्या नावे निरोप आला. बोलणाऱ्याने नाव लीलाधर, मुक्काम कापडणे, जिल्हा पश्चिम खानदेश असे सांगितले. आवाज तरुण, खणखणीत होता. ऐकले तसे लिहितो. 'प्रमिलामामी, दोन पट्ट्यांचा घेतलात ते फार चांगले केलेत. नाहीतर मी कोणाशी बोललो असतो? माय तुमच्याकडेच आली असेल. तिला जवळ बसवा, खोक्याच्या अगदी जवळ, तिला कमी ऐकू येते. बसली का? माय,' यापुढे फार खरखर झाली. तो बोलत होता, बराच वेळ बोलत होता, पण शब्द लागले नाहीत. तुम्ही घरी ऐकलेच असेल. आमच्याकडे लागले नाही, क्षमा असावी."